सिनसिनाटीचं खाणं : चिली, गेटा आणि बंद होत चाललेली कोपऱ्यावरची दुकानं

नदीकाठ

आमच्या घरामागच्या रस्त्यावरचं चिली पार्लर, म्हणजे चिली नावाचा खिम्याचा मसालेदार रस्सा मिळायचं दुकान, मागच्या महिन्यात बंद झालं. काचेवर हाताने लिहिलेला कागद आहे, "इतकी वर्षं आलात, आभारी आहोत." आत खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून ठेवल्यात. मालक थकले होते आणि मुलांना धंदा नको होता, एवढंच शेजारच्या सलूनवाल्याकडून कळलं. मी या शहरात अकरा वर्षं राहते आहे आणि त्या दुकानात मोजून पाच वेळा गेले असेन. मला याची मनापासून खंत वाटते, म्हणून हा धागा काढते आहे.

ओहायोतलं सिनसिनाटी, आसपासचं मेसन, वेस्ट चेस्टर, नदीपलीकडचं केंटकी, इथून लिहिणारे आपण बरेच जण आहोत. पण आपल्या गप्पा "डोसा कुठे चांगला मिळतो" आणि "बुफे कुठला बरा" यापुढे जात नाहीत. शेजाऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं काय शिजतंय ते आपण विचारलंच नाही, तसं काहीसं झालंय हे. जे चालू आहे तिथे जाऊ या, आणि काय खाल्लं ते इथे लिहू या. नवीन उघडलं, जुनं बंद झालं, मालक बदलला, सगळ्या बातम्या टाका.

सुरुवात चिलीपासून करते. टेक्सासची चिली घट्ट, मिरचीची आणि वाडग्यात घेऊन चमच्याने खायची. इथली पातळ असते. तिच्यात खिमा अगदी रवाळ झालेला असतो, वास येतो तो दालचिनी, लवंग आणि ऑलस्पाइसचा, आणि ती स्पगेटीवर ओततात. १९२२ साली टॉम आणि जॉन किरादजिएफ या मॅसिडोनियन भावांनी व्हाइन स्ट्रीटवर एम्प्रेस थिएटरला लागून छोटंसं दुकान काढलं आणि थिएटरचंच नाव दुकानाला दिलं. त्यांचं गाव आज ग्रीसमध्ये आहे. तिकडे मटणाच्या रश्शात दालचिनी घालणं ही रोजची गोष्ट. नाव अमेरिकन घेतलं, हात मात्र घरचाच ठेवला.

मग त्यांच्याकडे राबलेल्यांनी आपापली दुकानं मांडली. १९२९ मध्ये नदीपलीकडे न्यूपोर्टला डिक्सी, १९४९ मध्ये प्राइस हिलच्या टेकडीवर स्कायलाइन. स्कायलाइनचे निकोलस लँब्रिनिडीस ग्रीसमधल्या कस्तोरियाचे. टेकडीवरून खालच्या शहराच्या इमारती दिसायच्या म्हणून ते नाव. १९६५ मध्ये जॉर्डनहून आलेल्या दाऊद बंधूंचं गोल्ड स्टार आलं.

मागवायची भाषा ठरलेली आहे. थ्री-वे म्हणजे स्पगेटी, चिली आणि वर डोंगरासारखं किसलेलं पिवळं चेडर. फोर-वेमध्ये कांदा किंवा राजमा, फाइव्ह-वेमध्ये दोन्ही. डिक्सीत चिरलेला लसूण घालून सिक्स-वेही देतात. सोबत ऑइस्टर क्रॅकर म्हणजे बोराएवढी खारी बिस्किटं. स्पगेटी काट्याला गुंडाळायची नाही, काट्याच्या कडेने कापत कापत सगळे थर एका घासात घ्यायचे. गुंडाळलीत तर चीज सगळं एकीकडे आणि चिली ताटलीत खाली राहते.

तर्री

अगदी मनातला धागा. पहिल्यांदा फाइव्ह-वे समोर आला तेव्हा मला मिसळच आठवली. खाली एक, मध्ये रस्सा, वर कोरडं, वरून कच्चा कांदा, आणि प्रत्येक दुकानाच्या मसाल्यावरून घराघरात भांडण. पुण्यात जसं "तू कुठल्या मिसळीचा" यावरून माणसाची पेठ कळते, तसं इथे स्कायलाइनवाला की गोल्ड स्टारवाला यावरून घर कळतं. पश्चिमेच्या टेकड्यांवरचे लोक तर प्राइस हिल चिलीशिवाय दुसरं नाव ऐकून घेत नाहीत.

पहाटवारा

प्रामाणिकपणे लिहितो, राग मानू नका. ऑफिसच्या लोकांबरोबर एकदा खाल्ली होती. पास्त्यावर दालचिनीचा गोडसर वास मला झेपला नाही. शिवाय चीज इतकं की खालचं काही दिसत नव्हतं. मेसनला राहून त्यासाठी कुठे लांब जायचं असा प्रश्न पडतो. आणि आपल्यातले बरेच जण बीफ खात नाहीत, त्यांनी काय करायचं?

नदीकाठ

राग कसला, प्रश्न बरोबर आहे.

वासाबद्दल एक सांगते. तुम्ही "चिली" म्हणून तोंडात घातलीत म्हणून ती चुकीची लागली. तिखटाची वाट पाहणाऱ्या जिभेला दालचिनी लागली की ती दचकणारच. गरम मसाल्याचा पातळ खिमा समजून खाऊन बघा. लवंग-दालचिनी आपल्याला परकी नाही. शेजारी तिखट सॉसची बाटली असतेच, ती मोकळ्या हाताने ओतावी, इथले लोकही ओततात.

बीफचं म्हणाल तर मीही खात नाही. स्कायलाइनमध्ये ब्लॅक बीन्स आणि भात घालून थ्री-वे मिळतो, खिम्याचा संबंध नाही. मी तोच मागवते. तेच काउंटर, तीच लांबुळकी ताटली, निघताना गल्ल्याजवळ पेपरमिंटची तीच चॉकलेटं. त्या जागेत बसण्याचा आनंद पूर्ण मिळतो.

शेवग्याची_शेंग

शाकाहारी मंडळींसाठी एक सावधगिरी. एका ठिकाणी (नाव नको) "बीन्समध्ये मांस नाही ना" असं विचारलं, मुलगी "नाही" म्हणाली. अर्धी वाटी संपल्यावर डुकराच्या मांसाचा तुकडा दाताखाली आला. तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी मांस म्हणजे वर दिसणारे तुकडे, शिजवताना चवीला टाकलेलं हाड किंवा चरबी तिच्या डोक्यातच आली नाही. मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

तेव्हापासून मी तीन वेगळे प्रश्न विचारते : कशात शिजवलंय, पाणी साधं आहे की मांसाचं, आणि तळणीत चरबी वापरता का. वेटरला माहीत नसेल तर आत विचारून यायला सांगते. कुणीही वाईट मानत नाही. जुन्या घरगुती दुकानांत तर मालकच बाहेर येऊन सांगतात.

मूळचा_सांगलीकर

चिलीवर सगळेच बोलतात. मला गेट्याबद्दल बोलायचंय. माझ्यासाठी सिनसिनाटी म्हणजे गेटा.

१९व्या शतकात जर्मन लोक इथे लोंढ्याने आले. शहराच्या मधून मायामी-ईरी कालवा वाहायचा, त्यापलीकडे जर्मनांची वस्ती. लोकांनी त्या कालव्यालाच ऱ्हाइन म्हणायला सुरुवात केली आणि वस्तीचं नाव पडलं ओव्हर-द-ऱ्हाइन. कालवा बुजवून आज तिथे सेंट्रल पार्कवे आहे, नाव मात्र राहिलं. त्याच काळात हे शहर डुकराच्या मांसाचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं केंद्र होतं. पोर्कोपोलिस म्हणत याला. पुढे शिकागोने मागे टाकलं. चरबी मुबलक, म्हणून मेणबत्त्या आणि साबण मुबलक. विल्यम प्रॉक्टर मेणबत्त्या करायचे, जेम्स गँबल साबण, दोघे साडू, १८३७ मध्ये एकत्र आले आणि प्रॉक्टर अँड गँबल कंपनी झाली. आज आपल्यातली कितीतरी मराठी घरं या शहरात आहेत ती त्याच कंपनीमुळे. म्हणजे बघा, आपल्या इथल्या भाकरीची सुरुवातही त्या खाटीकखान्यांपर्यंत जाते.

तर गेटा. मांस महाग, माणसं गरीब. म्हणून उरलंसुरलं डुकराचं आणि गाईचं मांस कांद्याबरोबर शिजवायचं आणि त्यात जाड कापलेले ओट्स घालून पुरवठ्याला आणायचं. हे ओट्स आपल्या दलियासारखे, ते सपाट पोहे-ओट्स चालत नाहीत. तासन् तास मंद आचेवर घोटायचं, साच्यात थापायचं, गार झालं की वड्या कापायच्या आणि तव्यावर परतायच्या. कोथिंबीर वडीचीच रीत, उकड, थाप, काप, परत! दोन्ही बाजूंनी खरपूस होईपर्यंत हलवायचं नाही, नाहीतर मोडते. कडेला कुरकुरीत, आत मऊ. अंड्याबरोबर नाश्त्याला.

कव्हिंग्टनची ग्लायर्स ही सगळ्यात मोठी गेटा करणारी कंपनी, वर्षाला दहा लाख पौंडांहून जास्त करते. नदीकाठी गेटाफेस्टही भरवतात. इथून शंभर मैल लांब गेलात की हा शब्दच कुणाला कळत नाही. यामुळेच मला तो फार जवळचा वाटतो. आमच्याकडे आजी उन्हाळ्यात जे जे करायची त्यातलं निम्मं शेजारच्या जिल्ह्यात माहीत नव्हतं.

चकली

वाचते आहे, लिहीत राहा. लोक गेट्यावर काय घालून खातात? आमच्या शेजारच्या आजी मेपल सिरप घालतात, त्यांचा मुलगा केचप.

मूळचा_सांगलीकर

दोन्ही पक्ष कट्टर आहेत. मी मोहरीच्या सॉसबरोबर खातो, कधी लिंबाच्या लोणच्याबरोबर. लोणचं एकदा तरी करून बघा.

टेकडीवरून

मी १९८९ मध्ये आलो, बहुधा इथे सगळ्यात जुना मीच असेन. थोडं लांबण लागेल.

तेव्हा भारतीय खाणं म्हणजे क्लिफ्टनचा लडलो अव्हेन्यू. विद्यापीठाची मुलं, डॉक्टर मंडळी, शनिवारी रात्री सगळे तिथेच भेटायचे. भाजीपाला-मसाल्यासाठी फेअरफिल्डचं जंगल जिम्स. आजही पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. रस्त्यावरच्या फळांच्या टपरीपासून वाढलेलं हे दुकान, आता एका फेरीत पाहून होत नाही. देशोदेशीच्या रांगा, तिखट सॉसच्या रांगेवर खरा अग्निशामक बंब चढवून ठेवलाय. २०१२ मध्ये ईस्टगेटला दुसरं निघालं, ते आपल्या हिंदू मंदिराकडे जाणाऱ्यांना सोयीचं.

बंद झालेल्या जागांमध्ये मेझोनेटचं नाव आल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. सिक्स्थ स्ट्रीटवरचं फ्रेंच रेस्टॉरंट, १९४९ ते २००५. मोबिल गाइडचे पाच तारे सलग ४१ वर्षं, देशात इतकी वर्षं कुणी टिकवले नव्हते. मधल्या अमेरिकेतल्या या शहरात! आमच्या साहेबांनी एकदा सगळ्या विभागाला तिथे नेलं होतं. माझ्याकडे चांगला कोट नव्हता, मित्राचा घालून गेलो. बंद झालं त्या आठवड्यात शहरात कुणीतरी गेल्यासारखं वातावरण होतं. काही वर्षं जागा रिकामी पडली, मग २०१३ मध्ये बोका तिथे आलं, तळघरात सोटो.

मेझोनेटसाठी १९९३ मध्ये फ्रान्सचे झाँ-रोबेर द काव्हेल आले आणि कायमचे इथलेच झाले. त्यांनी पुढे स्वतःची ठिकाणं काढली, फिंडले मार्केटसमोरचं फ्रेंच क्रस्ट त्यांचंच. या गावातल्या किती आचाऱ्यांनी त्यांच्या हाताखाली सुरी धरायला शिकली याला गणती नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ते गेले. ज्या शहराने पिढ्यान् पिढ्या परदेशी माणसाला चुलीपाशी जागा दिली, त्या शहराला शोभेसंच त्यांचं आयुष्य होतं.

नदीकाठ

टेकडीवरून काका, हे कुणी लिहिलं नसतं. ओव्हर-द-ऱ्हाइन तुम्ही आधीचंही पाहिलंय आणि आताचंही. त्याबद्दल लिहाल का?

टेकडीवरून

लिहितो, पण ते फक्त खाण्याचं नाही.

एप्रिल २००१ मध्ये त्या वस्तीत पोलिसाच्या गोळीने १९ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा मेला. त्यानंतर शहर पेटलं, संचारबंदी लागली. पुढची काही वर्षं संध्याकाळी तिकडे बाहेरचं कुणी फिरकत नसे. मग २००३ पासून बड्या कंपन्यांच्या पैशाने एक विकास मंडळ उभं राहिलं, एकेक इमारत घेऊन दुरुस्त करत गेलं. आज व्हाइन स्ट्रीटवर शनिवारी टेबल मिळत नाही. विटांची ती जुनी घरं वाचली याचा मला आनंद आहे, मी तिथे जेवतोही. पण जे लोक वाईट दिवसांत तिथे राहिले त्यांतल्या कितीतरी जणांना भाडं परवडेनासं झालं, आणि त्यांच्या नाश्त्याच्या जागाही गेल्या. नवीन रेस्टॉरंटची बातमी वाचताना त्या जागी आधी काय होतं हे मी विचारतो. तुम्हीही विचारा.

फिंडले मार्केट मात्र टिकलं. १८५२ मध्ये बांधायला घेतलं, १८५५ मध्ये उघडलं. शहरात असे नऊ सरकारी बाजार होते, उरला हा एकच. ओहायोतला सगळ्यात जुना, अखंड चालू असलेला. लोखंडी खांबांची लांब मंडई, दोन्ही बाजूंना गाळे. बेसबॉलच्या मोसमाचा पहिला दिवस असला की १९२० पासून इथल्या व्यापाऱ्यांची मिरवणूक निघते. मांस, चीज, पाव, भाजी, आणि गरीब-श्रीमंत दोघं एकाच रांगेत.

तर्री

फिंडलेला अनुमोदन. महात्मा फुले मंडईत लहानपण गेलेल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात शेतकरी येतात, मक्याची कणसं घ्या, दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल.

चकली

आइस्क्रीमवर कुणीच बोलत नाही? ग्रेटर्स! १८७० पासून. फिरत्या भांड्यात एका वेळी अडीच गॅलनच करतात, त्यात हवा जवळजवळ नसते, म्हणून डबा हातात घेतला की दगडासारखा जड. पातळ चॉकलेट आत ओतून ते गोठलं की सुरीने फोडतात, त्यामुळे काही तुकडे बोटाएवढे निघतात. ब्लॅक रास्पबेरी चॉकलेट चिप घ्या, दुसरं काही विचारू नका. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यांच्या मिश्रणात अंड्याचा बलक असतो.

ओकलीचं ॲगलामेसिसही बघा. १९०८ मध्ये ग्रीक भावांनीच सुरू केलं. संगमरवराची टेबलं, रंगीत काचेचे दिवे. माझ्या मुलीचा वाढदिवस दर वर्षी तिथेच असतो, सात वर्षं झाली.

सुगरण_नाही_पण

बीफशिवाय घरी करणाऱ्यांसाठी माझी पद्धत देते. सोयाचे दाणे, राजमा, मशरूम सगळं करून बघितलं. सगळ्यात जवळ जातो अख्खा मसूर, कारण तो थोडा फुटला की खिम्यासारखा रवाळ होतो.

एक वाटी मसूर चार तास भिजवा. एक मोठा कांदा किसून आणि चार लसूण पाकळ्या तेलावर फक्त मऊ करा, लाल करू नका. लाल केलात की आपली आमटी होते. मसूर, चार वाट्या पाणी, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. मग अर्धा चमचा दालचिनी पूड, पाव चमचा ऑलस्पाइस, चिमूटभर लवंग पूड, एक चमचा जिरेपूड, एक चमचा तिखट, एक तमालपत्र, एक चमचा कडू कोको. मंद आचेवर पाऊण तास. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर आणि मीठ. व्हिनेगर विसरू नका, त्यानेच ती "तिकडची" लागते. रवीने चार वेळा घुसळा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खा, पहिल्या दिवशी मसाले वेगवेगळे ओरडत असतात.

चिकन किंवा टर्कीचा खिमा वापरणार असाल तर तो परतू नका. कच्चाच गार पाण्यात घालून बोटांनी पूर्ण मोकळा करा आणि मग पातेलं आचेवर ठेवा. बहुतेक जुन्या कृतींत हेच असतं, त्यामुळेच गाठ राहत नाही. चेडर घरी किसा, अगदी बारीक भोकांच्या किसणीवर. पाकिटातल्या किसावर पीठ असतं, ते नीट वितळत नाही.

शेवग्याची_शेंग

रविवारी करून बघितली. मुलांनी दोन दोन वेळा घेतली. सासूबाई आल्या आहेत सोलापूरहून, त्यांनी चाखून "मसाला भाताच्या वासाची उसळ आहे गं" म्हटलं आणि वरून शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. मीही घेतली मग. सुंदर लागते.

पहाटवारा

मी परत आलोय. धागा वाचून शनिवारी मुलाला घेऊन कँप वॉशिंग्टन चिलीला गेलो. १९४० पासूनचं दुकान, २००० साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनने "अमेरिकेचे क्लासिक्स" म्हणून गौरवलेलं. मेसनहून पाऊण तास लागला, हायवेवर काम चालू आहे. मुलाने थ्री-वे घेतला. तो बीफ खातो, शाळेत सुरू केलंय, आम्ही अडवलं नाही. मी चीज सँडविच आणि कॉफी.

काउंटरवर शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मुलगा स्पगेटी गुंडाळायला लागला तसं त्यांनी न बोलता स्वतःचा काटा आडवा धरून कापून दाखवलं. मग म्हणाले, वडिलांनी मला याच रस्त्यावर शिकवलं, तेव्हा हे दुकान पलीकडच्या जुन्या इमारतीत होतं. पुढचा अर्धा तास मुलगा त्यांच्याशी बेसबॉलवर बोलत होता. घरी माझ्याशी तो आठवड्यात इतकं बोलत नाही. पुढच्या शनिवारीही जायचं म्हणतोय.

वरती विचारलेला "कुठे लांब जायचं" हा प्रश्न मी मागे घेतो.

नदीकाठ

पहाटवारा, हे वाचून फार बरं वाटलं.

आज त्या बंद दुकानावरून गेले. मालकांच्या कागदाभोवती लोकांनी आपापल्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. कुणाचं पहिलं काम तिथे होतं, कुणी लग्न ठरल्यावर तिथे बसले होते, एका लहान मुलाने नुसती ताटली काढली आहे पिवळ्या डोंगराची. मीही एक लावली, मराठीत.

आता भेटायचं ठरवू या. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता फिंडले मार्केट, एल्डर स्ट्रीटच्या बाजूला. आधी भाजी, मग ज्याला हवा त्याने गेटा, मग दुपारी सगळे मिळून चिली. काका, तुम्हाला टेकडीवरून आणायला मी गाडी घेऊन येते. शाकाहारी किती आणि अंडं न खाणारे किती ते इथे लिहा, म्हणजे आधी फोन करून तीन प्रश्न विचारून ठेवते.

मूळचा_सांगलीकर

दोघं. लोणच्याची बरणी माझ्याकडून.

शेवग्याची_शेंग

चौघं शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाई विचारताहेत, शेंगदाण्याची चटणी आणू का.

टेकडीवरून

आणा. मी साडेनऊला खाली फाटकाशी उभा असेन.